ऐंशी टक्क्यांवर अडलेलं घोडं

तौनो वेस्तेरिनेनचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा धाडकन बंद पडला, तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के दिसत होते. तौनोने कपाळावर हात मारला, पण आवाज न करता. खोलीत काय चाललंय हे त्याच्या बायकोला, सिर्काला, अजिबात कळता कामा नव्हतं.

महिन्याने सिर्काला साठ वर्षं पूर्ण होणार होती. तिच्या वडिलांनी तळ्याकाठच्या कॉटेजवर काढलेल्या जुन्या फिल्मचे डबे तौनोने गुपचूप मिळवले होते. त्यात धक्क्यावरून पाण्यात उड्या मारणारी सात वर्षांची सिर्का होती. एका ठिकाणी अर्धा मिनिट खुद्द वडीलही होते, चक्क हसताना. ते जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यांचं हसणं आता फक्त तिथेच उरलं होतं. या सगळ्याची एक सलग फिल्म करायला कॉम्प्युटर पाच तास अखंड चालावा लागे, आणि दुपारी दोनला सुरू केलं, की घोडं नेमकं ऐंशीच्या आसपास अडे. तासा-दोन तासांची विश्रांती दिली की पठ्ठ्या पुन्हा मुकाट्याने सुरू.

"तापतोय," तौनोने निदान केलं. "पॉवर सप्लाय गेला." पुढेमागे हा फिल्मसकट जळून जाईल, या धास्तीने त्याचं जेवणावरून लक्ष उडालं. सुख एवढंच, की कॉम्प्युटर बंद पडला की कसा कोण जाणे, पण घरातला सॉना, ती वाफेने अंघोळ करायची खोली, तापत असायचा. तोंड पाडून तौनो बाहेर आला, की सिर्का टॉवेल घेऊन उभी.

"आलास? आत्ताच लावलाय."

"नशीब माझं," तौनो म्हणायचा, आणि ते मनापासून असायचं.

पॉवर सप्लाय निवडायला त्याला तीन आठवडे लागले. अकरा मॉडेलं, एकोणीस रकान्यांचा तक्ता, शिवाय इंटरनेटवरच्या चार फोरमवर अनोळखी माणसांशी वाद. घर निवडायला त्यांना एक दुपार लागली होती. शेवटी तो कागदांची चळत घेऊन दुकानात गेला.

"कशासाठी हवाय?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"घरगुती फिल्मसाठी."

"मग साधा घ्या की. एवढा भारी काय करायचाय?"

"साध्याच्या भरवशावर मी सासऱ्यांना सोडणार नाही," तौनो म्हणाला. बाईंनी सगळ्यात महागडा, टायटॅनियम दर्जाचा खोका काढून दिला. त्याच्यासोबत देखरेखीचं सॉफ्टवेअर होतं. ते व्होल्ट, उष्णता, पंख्याचे फेरे, सगळं सेकंदासेकंदाला आलेखावर दाखवायचं. दोन दिवस तौनो फिल्मऐवजी आलेखच बघत बसला.

वाढदिवस रविवारी होता. त्याआधीच्या बुधवारी ब्याऐंशी टक्क्यांवर पडदा काळा झाला. सॉनाहून परतल्यावर त्याने कॉम्प्युटर सुरू केला, तर सॉफ्टवेअरने लिहिलं होतं: 'पॉवर सप्लाय उत्तम. बाहेरून येणारी वीज बंद झाली होती.'

तौनोला राग आला. म्हणे बाहेरून! डोक्यावरचा दिवा जळत होता, फ्रीज घरघरत होता. एवढं महागडं यंत्र आणि स्वतःचा दोष झटकायला शिकलेलं. उद्याच परत करायचं, असं त्याने ठरवलं, पण आधी हिल्काला बोलावलं. ती त्याच रांगेत तीन घरं पलीकडे राहायची. चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काम केलेल्या हिल्काला जास्त बोलण्याची सवय नव्हती.

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार?" ती म्हणाली. "सिर्का, घरातली एकेक वस्तू लाव बघू."

सिर्का दारात आली. "पडद्यावर टॉवेल का टाकलाय?"

"धूळ बसते," तौनो म्हणाला. आलेखाचा कोपरा तेवढा त्याने उघडा ठेवला होता.

किटली लावली, आलेख ढिम्म. व्हॅक्यूम क्लीनर लावला, वॉशिंग मशीन लावलं, कॉफी झाली, हिल्का दोन कप प्यायलीही. आलेख जागचा हलेना.

"आता सॉना लाव."

"आज गुरुवार आहे. सॉना कालच झाला," तौनो म्हणाला.

"मी कुठे आत बसणार आहे?"

सिर्काने बटण फिरवलं. टॉवेलखालचा उजेड गेला. हिल्का गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकावली.

"इथे भिंतीवर खोली गरम करायचा हिटर होता. तो काढून हा प्लग कोणी बसवला?"

"घर घेतलं तेव्हापासूनच..."

"तौनो."

"मी बसवला. तीन वर्षांपूर्वी."

"सॉना लागला की हिटरची लाइन आपोआप बंद होते, नाहीतर दोन्हींच्या भाराने मेन फ्यूज उडेल. सोसायटीच्या सभेत हे आम्हाला कोणी समजावून सांगितलं होतं?"

"मीच."

"वायरिंगला हात लावायचा तुला कायद्याने अधिकार नाही, हेही तूच सांगितलं होतंस."

तौनो खुर्चीत बसला आणि हसायला लागला. मनावरचं ओझं उतरलं होतं. काही जळत नव्हतं, सासरे सुखरूप होते, यंत्रही प्रामाणिक निघालं होतं. मग त्याचं सिर्काकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती.

"म्हणजे मी सॉना लावला की तू बाहेर यायचास, ते वीज जायची म्हणून?"

तौनोचं हसू विरलं.

"मला वाटायचं तुला चाहूल लागते. मी हाक न मारताही यायचास. हल्ली तू सारखा आतच, म्हणून मी शनिवारच्या नेहमीच्या सॉनाची वाट न बघता मधल्या वारीही लावायला लागले."

हिल्काने रिकामा कप टेबलावर ठेवला. "दहा मिनिटांत लाइन बदलून देते," ती म्हणाली.

"आधी रविवार होऊ दे," तौनो म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या प्लगपासून लांब वायर ओढून आणून कॉम्प्युटर तिला जोडला.

रविवारी कॉफी आणि केक झाल्यावर त्याने फिल्म लावली. वडील हसले तिथे सिर्का म्हणाली, "परत दाखव." तिसऱ्यांदा दाखवल्यावर तिने तौनोचा हात धरला, पाहुण्यांसमोर, आणि सोडला नाही. त्याला इतकं हायसं वाटलं की केकचा तुकडा बशीतच राहिला.

निघताना बूट चढवत हिल्काने विचारलं, "मग उद्या येऊ ना?"

"ये. प्लग नियमाप्रमाणे बसवून दे," तौनो हळूच म्हणाला. "लाइन मात्र तीच राहू दे."

हिल्काने मान डोलावली.

मंगळवारी संध्याकाळी सहाला पडदा काळा झाला. तौनो उठून बाहेर आला. सिर्का टॉवेल घेऊन उभी होती.

"आलास?"

"चाहूल लागली," तौनो म्हणाला.