अण्णांची शेवटची चार पावलं

आमचे शेजारी अण्णा मोजणीदार घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्याच्या पावलाची लांबी विचारत. सरकारी जमिनी मोजून मोजून त्यांना ती खोडच लागली होती. त्यांच्या ओट्यापासून माझा ओटा साडेसतरा कड्यांवर, असं ते सांगत. कड्या म्हणजे मोजणीच्या लोखंडी साखळीच्या. एकदा मी सहज म्हटलं, अण्णा, सतराच असतील. झालं! भर दुपारी साखळी बाहेर निघाली, एक टोक माझ्या हातात आलं आणि निम्मी आळी बघायला जमली. साडेसतराच भरल्या.

"साखळी खोटं बोलत नाही, मास्तर," अण्णा म्हणाले. हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत.

पण अण्णांचं खरं वेड फुटबॉल. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, तरी पनवेलच्या संघाचे ते गुरू. मला पनवेलच्या शाळेत येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि अर्ज नीट लिहितो एवढ्या पात्रतेवर मला संघाचा चिटणीस करून टाकलं होतं. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालेली. गावात उत्साह दांडगा.

संघ होताही नामी. निम्मी पोरं कोन गावची, अनवाणी खेळणारी, वाऱ्यासारखी पळणारी. त्यांतला पांडू चेंडू घेऊन निघाला की समोरचे गडी नुसते बघत राहायचे. अर्धं मैदान गेलं, पाऊण मैदान गेलं, लोक उभे राहिले, टोप्या उडाल्या, आणि गोल चार पावलांवर राहिला की आमच्या संघाला काय व्हायचं देव जाणे. सगळे एकदम मंदावायचे. चेंडू याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून परत याच्याकडे. तेवढ्यात समोरच्या पेणच्या संघाचे अकराच्या अकरा गडी तिथे गोळा व्हायचे आणि टोप्या परत डोक्यावर जायच्या. सलग दोन वर्षं जिल्ह्याच्या स्पर्धेची ढाल पेणला गेली.

अण्णा मार्चात निवृत्त होणार होते आणि पुढे सांगलीला पुतण्याकडे जाणार होते. म्हणजे हे त्यांचं शेवटचं वर्ष. "एक गोल बघून जाऊ दे रे देवा," असं ते म्हणायचे तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं.

त्यांनी या दुखण्याचा अभ्यासही केला होता. ओट्यावर सुपारीची खांडं मांडून मला समजावत. मैदानाच्या मध्यावर पळायला जागा मुबलक, म्हणून समोरचे गडी पुरे पडत नाहीत. पुढे जावं तसं मैदान संपत येतं, आणि तेच गडी जास्त होतात. मागे राखायला त्यांना काही उरत नाही, सगळे पुढेच बघतात. आपली पळण्याची विद्या तिथे फुकट. तिथे हवा धक्का! म्हणून एका सामन्याला त्यांनी बंदरावरचा मिठाची पोती वाहणारा एक अगडबंब हमाल खेळायला आणला. गडी मान खाली घालून असा घुसला की पेणचे दोन बॅक आणि गोलकीपर यांना घेऊन खांबांच्या पार पलीकडे गेला. चेंडू तेवढा अलीकडे राहिला. पेणवाल्यांनी तो उचलून आम्हाला दाखवला.

आमचा सराव कोनला चाले, हिराजी पाटलांच्या भात कापलेल्या शेतात. जागा अण्णांनीच निवडलेली. एक गोल शेताच्या वरच्या अंगाला, पाटलांच्या खळ्यासमोर. खळं शेणानं सारवलेलं, मध्ये भाताची रास, मागे घर. अण्णा कायम त्या गोलामागे, खळ्यापासून चार पावलांवर उभे. चुकून चेंडू खळ्यात गेलाच, तर पाटलांची सून तो आणून बांधावर ठेवी आणि खाली मान घालून परत जाई.

एका रविवारी मला राहवेना. पांडू पुन्हा गोलापाशी येऊन थबकला तसं मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, की बाबा रे, इथे तर पेणवाले नाहीत, मग तुला अडवतं कोण?

"समोर रास हाय ना मास्तर," तो म्हणाला. "लक्ष्मीच्या अंगावर चेंडू मारायचा व्हय? पाय आपसूक थांबतो. आता सवयच झालीय, कुठंबी गेलो तरी थांबतो."

कपाळावर हात मारून घेतला मी. म्हटलं, हे अण्णांना का नाही सांगितलंत?

"पयल्या दिवशीच सांगितला. तेंना ठाव हाय."

घरी आल्यावर मी अण्णांना धारेवर धरलं. गोल खालच्या बांधाकडे फिरवा म्हटलं, तर म्हणाले तिकडे लांबी भरत नाही, साखळी खोटं बोलत नाही. मीही हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कोनला जाऊन पावलांनी शेत मोजलं. लांबी भरून वर बैलगाडी वळेल एवढी जागा उरत होती. परतलो तो तडक अण्णांच्या ओट्यावर.

अण्णांनी सुपारीचं एक खांड उचलून पुन्हा जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "गोल तिकडे नेला तर चेंडू खळ्यात जायचा नाही."

"जाऊ नये म्हणूनच तर!"

"मग तो आणून द्यायला सुमती यायची नाही, मास्तर."

सुमती ही अण्णांची एकुलती एक लेक. तिनं कोनच्या पाटलांच्या मुलाशी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि अण्णांनी बोलणं टाकलं, एवढं आळीत कानावर आलं होतं. ते पाटील म्हणजे हेच पाटील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तीन वर्षं ती बांधावर चेंडू ठेवत होती आणि हे उचलत होते. मधली चार पावलं कुणीच चाललं नव्हतं. मला रागावायचं होतं, पण मी उठून घरी आलो.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा खांब खालच्या बांधाला रोवलेले होते. अण्णा पहाटेच येऊन बसले होते, हात मातीनं भरलेले. पोरं खेळू लागली. समोर मोकळं शेत बघून पांडूनं असा दणका घातला की चेंडू नाल्यात गेला. पोरं नाचायला लागली. खळ्यातून मात्र आता चेंडू घेऊन बांधावर कुणी येणार नव्हतं.

अण्णा थोडा वेळ उगीच साखळी गुंडाळत राहिले. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली, बांधाशी जाऊन वहाणा काढल्या आणि खळ्यात पाऊल टाकलं. सुमती भात पाखडत होती. हातातलं सूप तसंच धरून ती उभी राहिली.

"अण्णा, चेंडू नाही आला इकडे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मीच आलोय."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाठ केली. बघणं बरं दिसलं नसतं. पांडूनं उगाचच मोठ्यानं मला किती वाजले विचारलं. माझ्याकडे घड्याळ नव्हतं.

आता ढालीचं विचाराल. त्या वर्षी पेणला आम्ही एक-शून्य हरवलं. पांडूनं अगदी गोलाच्या तोंडाशी, सहा जणांच्या गर्दीतून, न थांबता मारला. पनवेल वेडं झालं. मी अण्णांना शोधत धावलो, तर ते गर्दीच्या मागे सुमतीच्या शेजारी मांडी घालून बसलेले, आणि दोघांच्या मध्ये सुपारीची खांडं मांडलेली. शेवटच्या चार पावलांत आपला संघ का अडतो, हे ते तिला समजावत होते. गोल त्यांनी पाहिलाच नव्हता.

सांगलीचा बेत पुढे कधी निघाला नाही. आणि अजूनही, ओट्यावर दिसलो की अण्णा मला हाक मारतात आणि विचारतात, "मास्तर, तो गोल झाला कसा, ते एकदा नीट सांगा बघू."