दहा नंबरचे खराडे

गेल्या दिवाळीत आमच्या समोरचे खराडेभाऊजी वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत इंटरनेटवरून लागत आणि विझत होते.

माळा तर लागत-विझत होत्याच. पण माळांबरोबर भाऊजीही.

मुरलीधर खराडे वीजमंडळात वायरमन होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. कॉलनीत कुणाचा फ्यूज उडाला की अजूनही तेच येतात, आणि चहाशिवाय काही घेत नाहीत. गावाबाहेरच्या मूकबधिर शाळेतल्या पोरांना कानाची मशीनं घ्यायची होती. त्यासाठी एका संस्थेने योजना काढली होती: आपल्या घराची रोषणाई संस्थेच्या पानाला जोडायची, घरासमोर कॅमेरा लावायचा. मग जगात कुणीही त्या पानावरचं बटण दाबून आपला आकाशकंदील लावायचा किंवा विझवायचा. प्रत्येक दाबण्यामागे शाळेला देणगी.

संस्थेच्या फॉर्मवर दहा वस्तू लिहायला दहा रकाने होते. भाऊजींकडे नऊच निघाल्या. आकाशकंदील, तुळशीची माळ, फाटकाची माळ, अशा गच्चीवरच्या चांदणीपर्यंत नऊ. अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, अर्धवट फॉर्म त्यांच्याच्याने पाठवेना. दहाव्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

वसुबारसेला संध्याकाळी सात वाजता पान सुरू झालं. मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तिथून त्यांचं अंगण सगळं दिसतं, मी मुद्दाम बघते असं नाही. भाऊजी पायरीवर उभं राहून चकली खात होते. मला बघून म्हणाले, "काय ओ वहिनी, चकली जरा..." आणि विझले. चपला तेवढ्या पायरीवर राहिल्या.

वीस मिनिटांनी परत लागले, त्याच जागी, चपलांत पाय घालूनच. म्हणाले, "कडक झालीय."

"भाऊजी, कुठं होता?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? हितंच. डोळे मिटले न् उघडले."

पहिले दोन दिवस कॉलनीने मजा घेतली. दहा नंबरला इतकी मागणी होती की लोक ते बघायला येत आणि जाता जाता बाकीचे नऊही दाबत. कुसुमवहिनी, म्हणजे भाऊजींच्या मंडळी, तेवढ्या त्या मजेत नव्हत्या. पान रात्री नऊला बंद व्हायचं, आणि बंद होताना वस्तू ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत ती दुसऱ्या दिवशी सातपर्यंत राहायची. धनत्रयोदशीला भाऊजी नेमके नवाला विझले. नरकचतुर्दशीच्या पहाटे वहिनींनी पाट मांडला, तेल कोमट केलं, उटण्याची वाटी भरली आणि रिकाम्या पाटासमोर उजाडेपर्यंत बसून राहिल्या. पाणी निवून गेलं.

सकाळी मी गेले तेव्हा त्या ताट घासत होत्या. स्वच्छच होतं ते ताट.

"संस्थेला फोन लावा," मी म्हटलं. "मी आहे ना शेजारी बसलेली."

फोनवर एक फार सभ्य गृहस्थ होते.

"वस्तू क्रमांक?"

"दहा."

"वस्तूचं वर्णन?"

"आमचे हे."

"रंग?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी हळूच म्हटलं, "गव्हाळ."

"गव्हाळ. नोंदवलं. तक्रार काय आहे?"

"विझतात."

"बाई, विझणं ही तक्रार होत नाही. ती सेवा आहे. लागत नसतील तर तक्रार घेता येईल."

"मग त्यांचं नाव काढून टाका."

"वस्तू काढण्याचा अर्ज मालकाने करायचा असतो. मालक कोण?"

"तेच."

"मग त्यांनी लागलेल्या अवस्थेत अर्ज करावा. सात कामाचे दिवस लागतील. दिवाळीची सुट्टी त्यात धरलेली नाही." कागद चाळल्याचा आवाज आला. "आणखी एक, आपल्या माहितीसाठी. भाऊबिजेला रात्री नऊला पान वर्षापुरतं बंद होतं. त्या वेळी वस्तू ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत ती पुढच्या वसुबारसेपर्यंत राहील. शुभ दीपावली."

वहिनींनी फोन खाली ठेवला आणि तेच ताट पुन्हा घासायला घेतलं.

त्या संध्याकाळी भाऊजी लागल्या लागल्या मी त्यांना गाठलं. कधी विझतील नेम नव्हता, म्हणून सगळं एका दमात सांगितलं.

"अर्ज करा भाऊजी. आत्ताच्या आत्ता."

"दहा नंबर काढला तर कोण येणार ओ? आकाशकंदील काय, घरोघरी असतो." त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, जन्मभर लोकांच्या घरी लाईट नेली. आता मीच लागलो-विझलो तर काय बिघडलं? त्या पोरांनी अजून फटाका नुसता बघितलाय, ऐकला नाय."

"आणि भाऊबीज? अक्का येणारेत दहिवडीहून."

यावर ते काहीतरी बोलणार होते. पण विझले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, शेवंताबाई. वय बहात्तर. भाऊ चार वर्षांचा असल्यापासून तिने त्याला ओवाळलंय, एकही भाऊबीज चुकली नाही. एका वर्षी वादळात खांब पडले म्हणून भाऊजी कामावर अडकले होते, तर ही तबक घेऊन एसटीने तिथं गेली आणि खांबाखाली उभं राहून ओवाळून आली.

भाऊबिजेला दुपारी अक्का आल्या तेव्हा भाऊ घरात नव्हता. पाडव्याला नवाला विझला होता. आम्ही त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पिशवीतून अनारसे काढले आणि विचारलं, "मग लागतो कधी?"

"सातला पान उघडलं की. कुणीतरी दाबलं तर."

आता माझी चूक सांगते. मदत करायची म्हणून मी दुपारीच कॉलनीच्या ग्रुपवर निरोप टाकला: अक्का आल्या आहेत, बरोबर सात वाजता सगळ्यांनी दहा नंबर दाबा. एका फोनवरून एक वस्तू दिवसात एकदाच दाबता येते. आमच्या कॉलनीत असे फोन छत्तीस. आणि आमची माणसं अशी, की बोलावलं तर एकजण मागे राहायचा नाही.

सात वाजता छत्तिसांनी दाबलं.

पाडव्याला भाऊजी विझले होते त्याच जागी अंगणात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, अक्का तबक घेऊन उभ्या. भाऊजी लागले, विझले, लागले, विझले, असं बराच वेळ चाललं. लागले की तेवढ्यात ते तुकड्यातुकड्याने म्हणत होते, "अक्का... कधी... आलीस... गं..." छत्तिसावं बटण लागलं आणि पाट रिकामा झाला. छत्तीस ही समसंख्या आहे हे मला तेव्हा कळलं. सगळी कॉलनी आपापल्या फोनकडे बघत उभी होती. कुणाकडेच आता दाबायला काही उरलं नव्हतं.

पश्चिमेला बिजेची कोर होती, नखाएवढी. पाण्याच्या टाकीमागे उतरायला लागली होती. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, ती आपली रीतच आहे. कोपऱ्यावरच्या तांबोळीचाची जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, चांद डूबतोय. निदान त्याला तरी ओवाळून घ्या. नायतर दोन्हीकडून जायचं."

"चंद्राला ओवाळलं म्हणजे भाऊ नाही असं मी कबूल केलं," अक्का म्हणाल्या. "भाऊ आहे. विझलाय फक्त."

त्या पाटासमोर सतरंजी टाकून बसल्या. सव्वासातला चंद्र टाकीमागे गेला.

त्यानंतरचा दीड तास मला आठवतो तो निरांजनात तेल घालण्याचा. वहिनी तेल घालायच्या, मी वात सारायची. बाहेरगावचे लोक दहा दाबत होते. भाऊजी दोन मिनिटं लागायचे, अक्का उठेपर्यंत विझायचे. एकदा कुंकू लावून झालं. एकदा अक्षता लावायला हात पुढे केला आणि अक्षता पाटावर पडल्या. त्या टिपून अक्कांनी परत तबकात ठेवल्या.

पावणेनवाला ते लागले आणि तसेच राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दाबणारे थकले असावेत. अक्कांनी घाई केली नाही. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. वहिनींच्या चेहऱ्यावर सहा दिवसांनी जरा रंग आला. कुणीतरी म्हणालं, "चला, आता पाचच मिनिटं. निभावलं."



"अक्का, थांबा," मी म्हटलं. "हे असेच राहिले तर विझतील."

"अगं बाई, काय बोलताय?" वहिनी ओरडल्या.

"रोज नवाला मी खिडकीत कुकर उतरवते. पाच दिवस बघतेय, फोनवर पान उघडं ठेवून. नवाचा ठोका पडायच्या आत शेवटचं दाबणं एकाचंच असतं. पानावर दाबणाऱ्याच्या गावाचं नाव येतं, याचं विनिपेग, कॅनडातलं. तिकडे तेव्हा सकाळ असते म्हणे. लागलेले असतील तर विझवतो, विझलेले असतील तर लावतो. एकही दिवस चुकला नाही. त्याच्यानंतर दाबायला वेळच उरत नाही."

भाऊजी पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं. टाईमिंगचा माणूस दिसतोय."

"मग आपण आधीच विझवायचं," मी म्हटलं. "म्हणजे तो लावेल."

"आणि आज नाही दाबलं त्यानं तर?" वहिनींनी विचारलं. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. "तर वर्षभर? तुमच्या खिडकीच्या भरवशावर?"

मी काही शिकलेली नाही, सातवी झाल्यावर शाळा सुटली. मला बघता येतं तेवढंच.

फोन तर सगळ्यांचे दाबून झाले होते. न दाबलेला एकच फोन अंगणात होता, अक्कांचा. मुलाने दिलेला, त्या फक्त उचलायला वापरायच्या. वहिनींनी तो पिशवीतून काढला, पान उघडलं आणि हातातच धरून ठेवला. त्यांच्याच्याने दाबवेना.

आठ सत्तावन्न झाले होते.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तू नीट बघितलंस?"

"अक्का, अकरा वर्षं बघतेय मी या घराकडे."

भाऊजी हसले. म्हणाले, "ते खरंय."

अक्कांनी डाव्या हातात तबक धरलं आणि उजवा हात वहिनींकडे केला. वहिनींनी फोन दिला. भाऊजी म्हणाले, "दाब अक्का. मला काय दुखत नाय. आणि हे बघ, यंदा साडी नाय आणली तुला, यंदा..."

अक्कांनी दाबलं.

पाटावर चार अक्षता पडल्या. बाकी काही नाही.

अक्का तबक ओवाळत राहिल्या, रिकाम्या पाटावरून, सावकाश, डावीकडून उजवीकडे. पन्नासेक माणसं होती, पण आवाज फक्त वातीचा. आठ एकोणसाठ. आमच्या घरातल्या घड्याळाने नवाचे ठोके द्यायला सुरुवात केली आणि वहिनी पाटाशेजारी जाऊन बसल्या. मी ओरडले, "ते पुढे आहे! अर्धं मिनिट पुढे आहे आमचं!" हे खरं होतं, पण कुणाला पटलं नसावं. तांबोळीचाचींनी पदर डोळ्याला लावला. नऊ ठोके संपले. मी पानाकडे बघत होते. पानावर अजून नवं नाव नव्हतं.

मग एक नाव आलं.

"मिक्सर आणलाय," भाऊजी म्हणाले.

ते पाटावर होते. कपाळावर कुंकू ओलं होतं. पान बंद झालं, माळा सगळ्या जशा होत्या तशा थांबल्या. चांदणी लागलेली, तुळस विझलेली. भाऊजी लागलेले.

अक्कांनी तबक खाली ठेवलं. "मिक्सर कशाला?" त्या म्हणाल्या. "माझा चालतोय की अजून."

"तीन भांड्यांचा आहे."

"आण इकडं," अक्का म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

वहिनी उठल्या, आत गेल्या, फराळाचं ताट भरून आणलं आणि अंगणातल्या कॅमेऱ्यासमोर ठेवलं. पान बंद आहे, तिकडे काही दिसणार नाही, असं कुणी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही.

कानाची मशीनं मार्चमध्ये आली. भाऊजी स्वतः शाळेत जाऊन ती चार्ज करायचे प्लग बसवून आले.

यंदाचा फॉर्म परवा आला. संस्थेने अकरावा रकाना वाढवला आहे. भाऊजी फॉर्म घेऊन आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि अकरावी वस्तू काही सापडत नाही म्हणाले. मी माझं नाव दिलंय. मी नसेन तेवढा वेळ आमच्या खिडकीत कुसुमवहिनी बसणार आहेत. कुकर कधी उतरवायचा ते त्यांना सांगून ठेवलंय.