कवळी आणि अभिक्रियेचा वेग

"माझी कवळी कुणी साफ करतंय का?" सासरेबुवा आतून गरजले. वाचनालयाच्या नव्या दालनाचं उद्घाटन तासाभरावर आलं होतं आणि समारंभाचे अध्यक्ष तेच होते. भाषणाची चळत टेबलावर तयार होती आणि कवळीवर चहाचे डाग होते.

जावयाने हे काम आपणहून अंगावर घेतलं. तो रसायनशास्त्राचा मास्तर. पण सासरेबुवा चारचौघांत त्याची ओळख 'बाटल्या हलवतात' एवढीच करून देत. आज त्यांना काहीतरी करून दाखवायचंच, असं त्याने मनाशी ठरवलं.

कवळी साफ करायच्या गोळ्यांच्या डब्यावर लिहिलं होतं, कोमट पाणी, एक गोळी, अर्धा तास.

"अर्धा तास कशाला, आई?" तो सासूबाईंना म्हणाला. "गोळीची भुकटी केली की पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो. काम झटपट!"

त्याने लाटण्याने गोळी चेचली आणि कवळीच्या पेल्यात टाकली.

"मग दोन-तीन घाला की," सासूबाई म्हणाल्या.

"वा! तीव्रता वाढली की वेगही वाढतो."

"झालं का?" सासरेबुवा दारात येऊन ओरडले. उत्प्रेरक म्हणतात तो हाच, जावयाच्या मनात आलं. स्वतः काडी हलवत नाही, पण दुसऱ्यांना पळायला लावतो. त्या घाईत त्याने चहासाठी उकळत असलेलं पाणी उचललं आणि सरळ पेल्यात ओतलं.

फेस ओट्यावरून खाली वाहिला. डाग बघता बघता गेले. मात्र कवळीचा आकारही त्यांच्यासोबत गेला. उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो, हे जावयाला तोंडपाठ होतं. कवळी मऊ पडते, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

"काय केलंत हे, जावईबापू!" एवढं म्हणेपर्यंत सासरेबुवांच्या तोंडातून कवळी दोनदा निसटली. जावयाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

समारंभात सासरेबुवा उठले, त्यांनी तोंड उघडलं आणि लगेच रुमाल लावून मिटलं. फीत कापली, हात जोडले, खाली बसले. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तेवढा त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

"अध्यक्षांना गहिवरून आलं!" चिटणीस डोळे पुसत म्हणाले आणि पुढच्या समारंभाचं आमंत्रण तिथेच देऊन मोकळे झाले.

नवी कवळी आली. नवं भाषण तर पहिल्यापेक्षाही जाड झालं. समारंभाच्या दिवशी सकाळीच सासूबाईंचा फोन आला. त्या अगदी हळू आवाजात बोलत होत्या.

"जावईबापू, जरा येऊन जाता का? गोळ्या कुटून ठेवल्यात. पाण्यालाही उकळी आलीय."