विनापरवाना शांतता

कारखाना हा मुळात आवाजावर चालतो. वीज, पोलाद आणि माणसं ही पूरक सामग्री होय. ज्या कारखान्याचा आवाज येत नाही तो बंद पडलेला असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

डब्यांची झाकणं करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रेस विभागात हे सत्य दर सेकंदाला सिद्ध होत असे. तिथे चौदा यंत्रं पत्र्यावर घाव घालीत. सात नंबरच्या यंत्रावर बावीस वर्षं उभ्या असलेल्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. घरी जेवताना तो बायकोला "जरा मीठ दे" म्हणाला, की शेजारीण वाटीभर मीठ घेऊन दारात हजर. (बायकोची तक्रार नव्हती. तिला कित्येक वर्षांत मीठ विकत आणावं लागलं नव्हतं.)

समोर आठ नंबरवर मुक्या. अकरा वर्षांत त्याचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता, म्हणून मुक्या. दोघांचा संसार हातवाऱ्यांवर चाले. डोक्यावर हात म्हणजे साहेब आले. पोटावर हात म्हणजे जेवायला किती वेळ आहे. छातीवर हात म्हणजे आभारी आहे. दोघांचं कधी भांडण झालं नाही, याचं श्रेय व्यवस्थापन स्वतःकडे घेई आणि ते रास्तच होतं.

त्या वर्षीच्या आरोग्य तपासणीत प्रेस विभागातल्या चाळीसपैकी एकतीस जणांचा रक्तदाब वाढलेला निघाला. शेजारच्या पॅकिंग विभागात चाळीसपैकी सहांचा. व्यवस्थापनाने ही गोष्ट इतकी मनावर घेतली की त्याच दिवशी समिती नेमली. समितीने प्रेस विभागाची तीन मिनिटं कसून पाहणी केली. चौथ्या मिनिटाला चारही सदस्यांचं कपाळ ठणकू लागल्याने उरलेली पाहणी फोटोंवरून पूर्ण करण्यात आली.

निष्कर्ष असे. कामगार मीठ फार खातात (भोंग्याविषयी शेजाऱ्यांची साक्ष जोडली होती). विभागातला आवाज सत्त्याण्णव डेसिबल आहे, पण तो पूर्वीपासूनच तेवढा असल्याने नवीन काही घडलेलं नाही. शिवाय रक्तदाब यंत्रांच्या शेजारीच मोजल्यामुळे विश्वासार्ह नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी, व्यवस्थापकांच्या गार खोलीत, मऊ खुर्चीवर बसवून तो पुन्हा मोजला. एकतीसपैकी तेरा जणांचा तिथल्या तिथे उतरला. दोघांना झोप लागली. यावरून कामगार ठणठणीत आहेत, आवाजही ठणठणीत आहे, दोघांची गाठ पडते तेवढीच काय ती अडचण, असं ठरलं.

तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी अहवालाच्या कडेला लिहिलं होतं, 'कान सरावतो, हृदय सरावत नाही.' हे वाक्य समितीला इतकं आवडलं की ते सुविचार म्हणून फळ्यावर रंगवून घेण्यात आलं. कानात घालायचे बोळेही वाटले. मात्र बोळे घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही, म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत वापरावेत, असा नियम झाला. भोंगा तो काटेकोर पाळी.

मग एका मंगळवारी, जेवणाच्या थोडं आधी, भोंग्याच्या छातीत कळ आली. आधी त्याला वाटलं, यंत्राचाच एखादा घाव चुकून आत पडला. मग घाम फुटला, डावा हात जड झाला. त्याने छातीवर हात ठेवून मुक्याकडे पाहिलं. मुक्याने हात झटकून 'त्यात काय एवढं' असं उत्तर दिलं.

नेमके तेव्हा व्यवस्थापक पाहुण्यांना विभाग दाखवत होते. यंत्रासमोर छातीवर हात ठेवून, डोळे पाणावून उभा असलेला कामगार पाहून पाहुणे गहिवरले. एकाने फोटो काढला. भोंगा ओरडला. ज्याचं 'मीठ दे' तीन भिंती ओलांडून जाई, त्याचं 'छातीत दुखतंय' तीन फुटांवर पोहोचलं नाही. तेव्हा मात्र तो घाबरला. आपण इथे असेच मरू आणि सगळे हसून मान डोलावतील, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने उरल्यासुरल्या ताकदीने खांबावरचं लाल बटण दाबलं.

चौदाही यंत्रं थांबली. त्या शांततेत एकच आवाज चालू होता.

"...डॉक्टर म्हणाले ऑपरेशन छान झालं, पण सासूबाईंच्या डोळ्यातलं पाणी काही थांबेना, मग मी म्हटलं..."

मुक्या बोलत होता. तो अकरा वर्षं अखंड बोलत होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "भोंग्या, काय होतंय रे?"

"छातीत दुखतंय," भोंगा म्हणाला, अगदी हळू. सगळ्यांनी ऐकलं. मुक्यानेच त्याला पाठंगुळीला मारून फाटकापर्यंत नेलं.

भोंगा वाचला. दीड महिन्याने तो कामावर आला तेव्हा टेबलावर नोटीस तयार होती : विनापरवाना शांतता, चार मिनिटं अकरा सेकंद. चौकशीत त्याला विचारलं, "लाल बटण यंत्राच्या बिघाडासाठी असतं. यंत्र बिघडलं होतं का?"

"नाही साहेब. यंत्र चांगलं होतं."

साक्षीदार म्हणून मुक्याला बोलावलं. तो पाऊण तास बोलला आणि सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याकडे वळला, तेव्हा समितीने घाईघाईने प्रकरण मिटवलं. भोंग्याची पॅकिंगला बदली झाली. आवाज कमी करू द्या, ही यंत्रं सांभाळणाऱ्या फिटरची सात वर्षं पडून असलेली मागणीही त्या गडबडीत मंजूर झाली. फिटरने यंत्रांखाली रबर घातलं, खिळे मारून बंद केलेल्या आठ खिडक्या उघडल्या. आवाज एक्क्याण्णववर आला. दोन महिन्यांत रक्तदाबही उतरू लागले. घरी भोंग्याची बायको "काय म्हणालात?" असं विचारू लागली आणि तिला मीठ विकत आणावं लागलं.

पुढे एका सकाळी कारखान्यालगतच्या वस्तीतल्या रहिवासी मंडळाचे सचिव भोंग्याकडे अर्ज घेऊन आले. उघड्या खिडक्यांतून येणारा आवाज रहिवाशांच्या हृदयाला घातक आहे, तरी खिडक्या बुजवाव्यात. खाली डॉक्टरीणबाईंचं वाक्यही टाकलेलं होतं.

"तुम्ही तर भोगलंय. पहिली सही तुमची," सचिव म्हणाले.

"खिडक्या बुजवल्यावर आवाज कुठे जाईल?"

"तो कारखान्याचा अंतर्गत प्रश्न आहे."

"त्या अंतर्गत प्रश्नात माझा जोडीदार उभा असतो," भोंगा म्हणाला. "फार बोलतो बिचारा." आणि त्याने पेन परत केलं.

त्याच्याविना दोनशे चौदा सह्या झाल्या. आठ दिवसांत विटा चढल्या. प्रशासनाने मनात आणलं तर ते किती चपळ असतं, याचा हा नमुना होय.

वाचकहो, अर्जावर तुमचीही सही नाही, हे खरं आहे, आम्ही पाहिलं. पण शेवटची वीट बसली त्या दुपारी तुम्ही खिडकी उघडलीत, कान दिलात आणि घरच्यांना म्हणालात, "थांबलं वाटतं एकदाचं."