साठ किलोंची निष्ठा

चारित्र्य ही जड वस्तू आहे, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. मतभेद होता तो ते नेमकं किती जड, एवढ्यापुरता; आणि तोही वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांनी निवृत्तीनंतर मिटवला. उभा जन्म तराजूंना शिक्के मारण्यात गेलेला माणूस. जे काट्यावर चढत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. (मुलगी झाल्यावर आनंद झाला का, असं कुणी विचारलं तेव्हा ते 'दोन किलो नऊशे' म्हणाले होते. डोळ्यांत मात्र पाणी होतं.)

त्यांनी गच्चीवर चारित्र्यसंवर्धन व्यायामशाळा काढली आणि भिंतीवर तक्ता लावला. वक्तशीरपणा, पाच किलो. खरं बोलणं, पंधरा. खरं बोलून झाल्यावर गप्प बसणं, पंचवीस. शेजाऱ्याच्या बढतीचा मनापासून आनंद, चाळीस (कमरेला पट्टा बांधूनच उचलावे). निष्ठा, साठ. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. ऐंशी टक्के सदस्य पहिल्याच महिन्यात सत्यवचनी झाले. उरलेल्या वीस टक्क्यांची कंबर लचकली. (लचकली हे त्यांनी खरं सांगितलं, त्यामुळे त्यांनाही पंधरा किलोंत धरावं, असा एक विचारप्रवाह आहे.)

मुलगी क्रेन चालवायची. टनावारी लोखंड आभाळात न्यायची आणि निजलेलं मूल ठेवावं तसं अलगद ठेवायची.

"ते यंत्राचं चारित्र्य," निरीक्षक म्हणत. "तुझं नव्हे."

तिचं मन जडलं एका घड्याळजीवर. तिळाएवढं चाक तो चिमट्यात असं धरायचा, की चाकाला वाटावं आपल्याला वाऱ्यानेच उचललंय. तो मागणी घालायला आला तेव्हा निरीक्षकांनी त्याचा दंड दाबून पाहिला.

"आजवर सगळ्यात जड काय उचललंय तुम्ही?"

"भिंतीवरचं घड्याळ, काका. लंबकासकट."

"साठ किलो उचला. मग बोलू."

घड्याळजी गच्चीवर यायला लागला. वेळ अकराची ठरली, कारण सवय घड्याळाला बांधली की सुटत नाही. निरीक्षकांच्या पत्नी कपडे वाळत घालता घालता गुणगुणायच्या:

उचल रे राजा, पाठ नको वाकवू,
हौस आहे यांची, नको मनाला लावू.

"अहो, तुमच्या गाण्याने त्याची लय चुकतेय," निरीक्षक म्हणत.

"त्याची बरोबर आहे. तुमची चुकतेय."

सवय लागली. इतकी, की गच्चीला सुट्टी असली तरी अकराचे ठोके पडले की घड्याळजी समोर असेल ते उचलायचा: दुकानातला बाक, बाकावरचं गिऱ्हाईक, एकदा तर दारात लावलेली स्कूटर. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. वरून गल्ली छान दिसायची. घड्याळं मात्र दुरुस्त होईनात. बोटांना घट्टे पडले होते, चाकं चिमट्यातून उडून जायची. (चारित्र्य वाढलं की धंदा बसतो, हे इतरत्रही आढळून आलं आहे.)

शेवटी साठ किलो झाले. लग्नाची नोंदणी ठरली. कचेरीतली वेळ मुलीने स्वतः जाऊन घेतली: अकराची.

साक्षीदाराच्या खुर्चीत बसल्यावर निरीक्षकांनी हातातलं पेन खिशाला लावलं. संयमाचे अडीच किलो राहिलेत, म्हणाले. (संयम तक्त्यात त्याच दिवशी सकाळी घातला होता.) ते उचलल्याशिवाय सही नाही, आणि सहीशिवाय लग्न नाही.

तेवढ्यात कचेरीतल्या घड्याळाने अकराचे ठोके दिले.

घड्याळजी गुडघ्यांत वाकला, पाठ सरळ ठेवली आणि त्याने निरीक्षकांना खुर्चीसकट उचललं.

"श्वास सोडा," निरीक्षक वरून सवयीने म्हणाले. "कोपर आत."

मुलगी उठून समोर उभी राहिली. क्रेनवाल्याला करतात तसा तिने हात केला: वर. हळू. मग मूठ वळली: थांब. खुर्ची थांबली.

"खाली घ्या मला."

"सही झाल्याशिवाय भार उतरवायचा नाही, बाबा. साइटचा नियम आहे."

"कुठल्या साइटचा?"

"माझ्या."

नोंदणी अधिकाऱ्यांनी नियमावली चाळली. साक्षीदार सज्ञान असावा असं तीत होतं. जमिनीवर असावा असं कुठेही नव्हतं. ते टेबलावर चढले आणि त्यांनी रजिस्टर वर धरलं.

निरीक्षकांनी खाली पाहिलं. खुर्ची तसूभर हलत नव्हती. स्वतःचं वजन त्यांना ग्रॅमपर्यंत पाठ होतं, खुर्चीचं त्यांनी अंदाजे धरलं. मनातल्या मनात बेरीज केली, डोळे पुसले आणि सही केली.

घड्याळजीचे घट्टे अजून गेलेले नाहीत. तोवर दुकानात बारीक चाकं ती धरते, आणि भिंग तो. टनांची सवय असलेल्या हाताला तीळ सांभाळणं जमतं.

निरीक्षकांची मात्र पंचाईत झाली. घरात तोलायला कुणी उरलं नाही. (पत्नीला काट्यावर चढवण्याचा प्रस्ताव त्यांनी एकदाच मांडला.) त्यामुळे त्यांनी आपलं कार्यक्षेत्र वाढवलं असून हल्ली ते वाचकांची तपासणी करतात. हे वाचता वाचता मध्येच ज्यांनी पाठ ताठ केली, त्यांची नोंद झालेली आहे. ती पुन्हा कोणत्या ओळीवर सैल सोडली, त्याचीही.