मावशी तीन मिनिटांत

मंडळी, पृथ्वी वाचवायचं मी शनिवारी सकाळी ठरवलं, आणि दुपारच्या जेवणाआधी ती वाचणार याची मला खात्री होती!

आम्ही काही जण मिळून घरच्या आजाऱ्याची सेवा शिकवणारी एक मोफत ऑनलाइन शाळा चालवतो. तिचं सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणजे कुणीही उघडावं, कुणीही सुधारावं. दुर्दैवाने त्या ‘कुणीही’त मीही येतो. शाळेचा सर्व्हर मागच्या खोलीत घोंघावत असतो आणि वीज अशी पितो, की मीटरकडे बघवत नाही. वीज वाचावी म्हणून मी एआयला सांगितलं, “बाबा रे, सगळे धडे तपास. जे पुन्हा पुन्हा आलंय ते काढ आणि जुन्या फाइली पुसून टाक.”

“सगळ्याच?” त्याने विचारलं.

“सगळ्याच.” यंत्राला शंका आली, मला आली नाही.

पानावर बसणार तेवढ्यात शाळेचा मदतीचा फोन वाजला.

“साहेब, तो अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवायचा धडा आहे ना, तो संपला.”

“छान. समजला ना?”

“धडा संपला, पण बाबा अर्धेच वळलेत. दोन्ही हातांनी धरून उभा आहे. फोन नाकानं लावलाय.”

मागून खणखणीत आवाज आला, “मी भिंत बघतोय. भिंत चांगली आहे. अजून किती वेळ बघायची, तेवढं विचार.”

हा धडा माझ्या मावशीचा. ती निवृत्त नर्स, आमच्याकडेच राहते. तिची चाळीस मिनिटं एआयने तीनवर आणली होती. “हळू, हळू, हळू”चं नुसतं “हळू” उरलं होतं, आणि “आता दुसरा हात” हे वाक्य आधी एकदा येऊन गेलं म्हणून पुढे कापलेलं. मूळ फाइल? पुसलेली!

फोन घेऊन मी स्वयंपाकघरात धावलो. मावशीने हात पुसले.

“डावा हात खांद्याखाली. खांद्याखाली. सापडला खांदा? खांद्याखालीच ठेव. आता दुसरा हात कमरेला. हळू.”

पलीकडून सुस्कारा आला. “पोचलो एकदाचा,” बाबा म्हणाले.

फोन ठेवून मावशी माझ्याकडे वळली. “मी तेच तेच का सांगते, माहीत आहे?”

“वयामुळे?” हे मी मोठ्याने म्हणालो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

“ज्याच्या हातात माणूस आहे, त्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, मेल्या. बटण दाबायला तिसरा हात कुठून आणेल?”

मी मान खाली घातली. कीर्तनात बुवा एकच चरण दहादा घोळवतात आणि दहाव्यांदा माझे डोळे भरून येतात. ते मला कधी जास्तीचं वाटलं नाही. मावशीचं वाटलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण जिला वाचवायला निघालो होतो, तिच्याकडे कुठल्या तोंडाने जागा मागू?

धडा नव्याने चित्रित करावा लागला. दिवे, कॅमेरा, आणि इतरांचे कापलेले धडे जमेल तेवढे जुळवायला पुन्हा एआय. वाचवलेली वीज संध्याकाळच्या आतच संपली. चित्रीकरणात आजारी माणूस म्हणून मावशीने मलाच खाटेवर आडवं केलं.

धड्याखाली पहिला अभिप्राय त्या बाबांचा आहे: “पेशंट छान निवडलाय. त्याला काहीएक सुचत नाही, हे चेहऱ्यावरूनच दिसतं.”