जावईबापूंना एक पॉइंट

धोंड्याच्या महिन्यात जावयाने सासुरवाडीला जाऊन पोटभर जेवावं, वाण घ्यावं आणि गुपचूप घरी येऊन झोपावं. मी जेवण झाल्यावर तिथे खेळायला बसलो. चूक एवढीच.

आमची सासुरवाडी पंचवटीत. सासरे गंगाधरपंत निवृत्त इंग्रजीचे मास्तर. मेहुणा तनय परदेशी शिकायला जायच्या परीक्षा देतोय, आणि बायको उज्वला पेपरातली इंग्रजी शब्दकोडी पोळ्या लाटता लाटता सोडवते. मी एकलहऱ्याला वीज केंद्रात स्टोअरमध्ये क्लार्क. (माझं इंग्रजी 'रिसीव्हड'ला सुरू होतं आणि 'विथ थँक्स'ला संपतं.) खेळ साधा होता. सासरे दोन अक्षरं सांगणार, ती दोन्ही ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द जो आधी सांगेल त्याला पॉइंट.

"एम आणि जी," सासरे म्हणाले. सगळे गप्प. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्यापुढे आमरसाची आणखी एक वाटी ठेवली.

"मँगो!" मी ओरडलो.

"अरे वा! मला सुचलंच नाही," तनय म्हणाला.

"आता एफ आणि एन."

तनय मान वर करून पंख्याकडे बघत बसला. (हरणारी माणसं आढ्याकडे बघतात, असा माझा अनुभव आहे.) मी शांतपणे एक घोट पाणी प्यायलो आणि म्हणालो, "फॅन."

"काय डोकं आहे हो जावईबापू!" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

असे सगळे डाव मी मारले. एखाद्या वेळी मला उशीर झाला तरी कुणाला घाई नव्हती. इतकी वर्षं आपण उगीच स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसलो, असं मला वाटायला लागलं.

आता आमची कन्या स्वानंदी. ती गंगापूर रोडला समर कॅम्पला जाते. कॅम्पच्या शेवटच्या दिवशी हाच खेळ, एक पालक आणि एक मूल अशी जोडी, आणि जिंकणाऱ्या जोडीला कप. गेल्या वर्षी कप नेला शेजारच्या निकिताने. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात दुसरा विषय नाही. ती आणि उज्वला महिनाभर तयारी करत होत्या.

"यंदा स्वानंदीबरोबर मी जाणार," मी तिथेच जाहीर केलं.

सासऱ्यांना ठसका लागला. तनय पाणी आणायला म्हणून आत गेला तो परत आलाच नाही. स्वानंदीचा चेहरा उतरला. तो आनंदाने गंभीर झालाय, असा मी अर्थ घेतला.

परतताना स्कूटरवर उज्वला मागून म्हणाली, "अहो, जावयाला कुणी हरवतं का? त्यात हा धोंड्याचा महिना. पोरीच्या कपाचा तरी विचार करा."

"जळतेस तू," मी म्हणालो.

स्पर्धेत मुलांच्या फेऱ्या वेगळ्या आणि पालकांच्या वेगळ्या. स्वानंदीने तिच्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या. आम्ही पहिले होतो! मग मी उठलो.

"डब्ल्यू आणि के," मॅडम म्हणाल्या.

मी सवयीने आधी पाणी प्यायलो. तेवढ्यात "वॉक", "वीक", "वर्क" असे तीन आवाज आले आणि फेरी संपली. (इतकी वर्षं नोकरी करून मला 'वर्क' सुचला नाही, हे कृपया आमच्या साहेबांना कळवू नये.)

"अहो मॅडम, जरा वेळ द्या की!"

"वेळ नसतो सर. एफ आणि टी!"

"फादर!" निकिताचे बाबा म्हणाले. निकिताने टाळ्या वाजवल्या. स्वानंदीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. पुढच्या फेऱ्यांत मी आढ्याकडे बघत होतो.

कप पुन्हा निकिताकडे गेला. स्वानंदी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सासऱ्यांनी पुन्हा जेवायला बोलावलं. जावई नाराज आहेत ही बातमी पोचली होती. जेवणानंतर खेळ निघालाच. मी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही, स्वच्छ हरायचं, पोरीसमोर.

"ए आणि टी," सासरे म्हणाले.

अर्धी डिक्शनरी त्यात बसते. मी गप्प. तनय गप्प. उज्वला पदराशी खेळत गप्प. मी हरायला थांबलोय आणि हे मला हरू देत नाहीत! बराच वेळ गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"का हो, भांडणबिंडण झालं का?"

"मला येत नाही," मी म्हणालो. "मी हरलो."

"बघा!" सासरे गहिवरले. "याला म्हणतात विनय! शब्द मनात तयार आहे, पण आम्हाला संधी देतायत. जावईबापूंना एक पॉइंट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मला बरंही वाटलं. तेवढ्यात स्वानंदी जवळ येऊन बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी कॅम्पला आईला येऊ दे हं. तू इथेच खेळत जा. इथे तू छान खेळतोस."